न्गाँग रोडवरची उमेदवारी

नैरोबीच्या मध्यवस्तीतून नैर्ऋत्येला, न्गाँगच्या डोंगरांच्या दिशेने जो रस्ता जातो, त्याच्या दोन्ही अंगांना दिवसभर काही ना काही घडत असतं. फुटपाथवर सोफ्यांचे उघडे सांगाडे मांडलेले, त्यांच्यामागे सुतार रंधा मारतायत. थोडं पुढे रोपवाटिकांच्या कुंड्या, मग लोखंडी फाटकं जोडणारे वेल्डर, आणि मध्येच एकदम काचेची इमारत. १११ नंबरच्या मटाटूत, म्हणजे तिथल्या खासगी मिनीबसमध्ये, गाणी इतक्या जोरात चालली होती की कंडक्टरने भाडं बोटांनी दाखवलं. मी खिशातून सुटे शिलिंग काढेपर्यंत शेजारच्या बाईंनी साध्या बटणांच्या फोनवर चार आकडे दाबून आपलं भाडं चुकतं केलं होतं.

लातूरकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या गोदामांत मालाची प्रतवारी आणि साठवण पाहणं हे माझं काम. धान्य साठवणुकीच्या एका बैठकीसाठी नैरोबीला जाणं झालं आणि बैठक संपल्यावर मी मुद्दाम मागे राहिलो. आमच्याकडे तालुक्यातालुक्यांत हातात कसब असलेली मुलं-मुली आहेत. त्यांच्या डोक्यात यंत्रांच्या, ॲपच्या कल्पना आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा पहिल्या वर्षातच विरून जातात. नैरोबीला मात्र ‘सिलिकॉन सवाना’ म्हणून जग ओळखतं. तिथे कल्पना घेऊन बसलेल्या माणसाला सुरुवातीला नेमकं काय हाताशी लागतं? कोट्यवधी डॉलर उभारणाऱ्या कंपन्यांबद्दल भरपूर लिहिलं जातं. मला त्याच्या कितीतरी आधीची पायरी पाहायची होती, जिथे कंपनीचं नावसुद्धा अजून नोंदलेलं नसतं.

न्गाँग रोडवरचं बिशप मागुआ सेंटर बाहेरून अगदी साधं आहे. त्याच्या चौथ्या मजल्यावर मार्च २०१० मध्ये ‘आयहब’ सुरू झालं आणि या रस्त्याचं नाव जगभर गेलं. त्याची मुळं मात्र एका वाईट काळात आहेत. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर केनियात हिंसाचार उसळला, हजाराहून जास्त माणसं मेली. कुठे काय घडतंय याची बातमी नीट मिळत नव्हती. तेव्हा ओरी ओकोलोह, एरिक हर्समन, ज्युलियाना रोटिच आणि डेव्हिड कोबिया यांनी काही दिवसांत ‘उशाहिदी’ हे संकेतस्थळ उभं केलं. लोकांनी एसएमएसने खबर द्यायची, ती नकाशावर दिसायची. दोन वर्षांनी हैतीच्या भूकंपात हेच सॉफ्टवेअर मदतकार्याला उपयोगी पडलं. या मंडळींना आणि त्यांच्यासारख्या शहरभर विखुरलेल्या प्रोग्रामरना एकत्र बसायला जागा हवी होती. हर्समन यांनी पुढाकार घेतला, ओमिद्यार नेटवर्क आणि हिवोस या संस्थांनी पैसे दिले आणि जागा झाली.

वेळही जमून आली होती. २००९ च्या जुलैत मोंबासाला आलेली सीकॉमची समुद्राखालची केबल सुरू झाली, पाठोपाठ केनिया सरकारने पुढाकार घेतलेली टीम्स केबल सुरू झाली. त्याआधी सगळं इंटरनेट उपग्रहावरून यायचं, महाग आणि मंद. माहिती-तंत्रज्ञान खात्याचे तेव्हाचे सचिव बिटांगे न्डेमो हे या मुलांचं ऐकून घेणारे अधिकारी होते. त्याच वर्षी सरकारने मोबाइल हँडसेटवरचा मूल्यवर्धित करही काढला. केबल, स्वस्त फोन आणि बसायला टेबल या तीन गोष्टी दीडेक वर्षाच्या आत एका शहरात आल्या.

आयहबच्या रचनेतली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते, ती म्हणजे सदस्यत्वाचे रंग. पांढरं सदस्यत्व दूरवरून जोडलेल्यांसाठी. लाल सदस्यत्व पैसे भरून कायमचं टेबल घेणाऱ्यांसाठी. आणि मधलं हिरवं. त्यासाठी अर्ज करायचा, आपण काय करतोय ते सांगायचं, निवड झाली की फुकट यायचं, फुकट इंटरनेट वापरायचं, हवा तितका वेळ बसायचं. घरी वीज जाते, इंटरनेटचा खर्च झेपत नाही, खोलीत चार भावंडं आहेत अशा मुलाला या हिरव्या कार्डाने काय दिलं असेल, हे ज्याने वसतिगृहाच्या दिव्याखाली अभ्यास केला त्याला सांगावं लागणार नाही.

आज आयहब त्या मजल्यावर नाही. आधी ते सेन्टेऊ प्लाझात गेलं आणि सप्टेंबर २०१९ मध्ये लागोसच्या ‘को-क्रिएशन हब’ने ते विकत घेतलं. त्याच इमारतीत एके काळी नायलॅब आणि एम-लॅब ईस्ट आफ्रिका ही उगवत्या उद्योगांची केंद्रंही होती. त्या काळात तिथे बसून प्रोग्रामिंग शिकलेल्या, आता चाळिशीला आलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं, जागा हलली त्याचं वाईट वाटतं का? ते म्हणाले, “वाटतं ना. पण तिथे ज्याला ज्याला मी मदत केली, त्याचा नंबर अजून माझ्याकडे आहे. अडलं की फोन करतो. तोही करतो.”

हे फोन नंबरांचं जाळं पुढे मला जागोजागी भेटलं. आता बसायच्या जागा पुष्कळ आहेत. न्गाँग रोडच्या परिसरातच ‘नैरोबी गॅरेज’ आहे. तिथे दिवसापुरतं किंवा महिन्यासाठी टेबल भाड्याने मिळतं, जनरेटर असतो, मीटिंगला खोली मिळते. ज्याला तेही परवडत नाही तो ॲडम्स आर्केडच्या ‘जावा हाउस’मध्ये एक कॉफी घेऊन दोन तास बसतो. १९९९ मध्ये या कॉफीगृहांच्या साखळीची पहिली शाखा इथेच निघाली. पण पैसे देऊन मिळणारी खुर्ची आणि आपलं काम पाहून दिलेली खुर्ची यांत अंतर आहे. हिरव्या सदस्यत्वासारखी सोय आज त्या प्रमाणात कुठे दिसत नाही, आणि ती पुन्हा व्हावी असं मला मनापासून वाटतं. शहरातली सार्वजनिक ग्रंथालयं काही अंशी ती उणीव भरून काढतायत. ‘बुक बंक’ या संस्थेने पूर्व नैरोबीतली कालोलेनी आणि माकाडारा इथली जुनी ग्रंथालयं डागडुजी करून पुन्हा नांदती केली आहेत. उद्योगाच्या नकाशावर ग्रंथालयं कुणी दाखवत नाही, ती दाखवली पाहिजेत.

एका ओळखीतून दुसरी ओळख निघत मी एका तरुण मुलीपर्यंत पोचलो. तिचं नाव इथे देत नाही. ती माकुएनी काउंटीतली, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. मक्यातला ओलावा मोजायचं स्वस्त यंत्र ती बनवत होती. आमच्या आडतीत ज्याला ‘हवा’ म्हणतात, तोच हा ओलावा. सोयाबीनची हवा बारावर गेली की लातूरच्या शेतकऱ्याचा भाव पडतो, हे मी रोज पाहतो. केनियात प्रश्न भावापुरता नाही. मका साडेतेरा टक्क्यांपेक्षा जास्त ओला असताना साठवला तर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होतं. २००४ मध्ये माकुएनी आणि आसपासच्या भागांत असा मका खाऊन ३१७ जण आजारी पडले, १२५ दगावले. ती तेव्हा लहान होती. तिच्या गावातली दोन घरं त्यात होती, एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा यंत्राकडे वळली.

बाजारातली आयात केलेली यंत्रं एका शेतकऱ्याला परवडत नाहीत. पोत्यात खुपसायची सळई, आत सेन्सर आणि आकडा थेट फोनवर, अशी तिची कल्पना. तिच्याबरोबर मी नैरोबी पाहिली ती पर्यटकांच्या नकाशात नसलेली.

सुटे भाग ल्युथुली अव्हेन्यूवर. मध्यवस्तीतली ही गल्ली पूर्वी गाड्यांनी तुंबलेली असायची. २०१९ मध्ये तिथला गाड्यांचा रस्ता अरुंद करून पायी चालणाऱ्यांना जागा दिली. स्पीकर, वायरी, चार्जर, सर्किटचे सुटे भाग, सगळं हातभर रुंदीच्या गाळ्यांत. दुकानदार तिला ओळखत होता. एक सेन्सर तिने परत केला, त्याने वाद न घालता बदलून दिला. वर तसलाच भाग वापरणाऱ्या आणखी एका मुलाचा फोन नंबरही दिला. चीनहून माल मागवला तर आठवडे जातात आणि कस्टममध्ये अडकला तर किती, ते सांगता येत नाही. म्हणून ही गल्लीच तिचं कोठार.

तिथून कामुकुंजी. गिकोम्बाच्या जुन्या कपड्यांच्या बाजाराला लागून पत्र्याच्या शेडखाली शेकडो कारागीर बसतात आणि हातोड्यांचा आवाज लांबूनच ऐकू येतो. इथे शाळकरी मुलांच्या वसतिगृहाच्या पेट्या बनतात, ढकलगाड्या, चिप्स कापायची यंत्रं, कोळशाच्या शेगड्या. या असंघटित कारागिरीला केनियात ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे डोक्यावरचं कडक ऊन. देशातले बहुसंख्य रोजगार याच प्रकारचे आहेत. तिने एका म्हाताऱ्या कारागिराला “म्झे” अशी आदराने हाक मारली आणि सळईचं चित्र पुढे केलं. त्यांनी चित्र बाजूला ठेवलं, तिच्या हातातला जुना नमुना घेतला, अंगठ्याने टोक चाचपलं आणि म्हणाले की हे टोक पोतं फाडेल, इथे तिरपं घासून देतो. सांगता सांगता कानशीने घासलंही. अभियांत्रिकीच्या पदवीत हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, हे तिने मला तिथेच सांगितलं.

आणि मग इंडस्ट्रियल एरियात ‘गिअरबॉक्स’. ही संपूर्ण प्रवासातली माझी सगळ्यांत आवडती जागा. नैरोबी विद्यापीठातली फॅब लॅब सांभाळलेल्या डॉ. कामाऊ गाचिगी यांनी पुढे ही जागा उभी केली. कल्पना सोपी. लेझर कटर, सीएनसी, थ्रीडी प्रिंटर, लेथ ही यंत्रं एकट्या माणसाला कधीच परवडणार नाहीत. ती एका छपराखाली ठेवायची आणि सदस्यांनी वापरायची. वापरायला शिकवायचंही. ज्याला सॉफ्टवेअर करायचं आहे त्याला एक लॅपटॉप पुरतो. वस्तू बनवणाऱ्याची अडचण वेगळी असते. पहिला नमुना, मग दुसरा, मग साचा, मग पन्नास नग, प्रत्येक पायरीवर पैसे आणि यंत्र लागतं. म्हणूनच जगभर हार्डवेअरचे उद्योग कमी निघतात आणि निघाले तरी लवकर बसतात. गिअरबॉक्समध्ये मी एकाच टेबलावर कामुकुंजीचा हातोडेवाला आणि विद्यापीठाची पदवीधर दोघांना एकत्र वाकून काम करताना पाहिलं. आपल्याकडे आयटीआय, अभियांत्रिकी महाविद्यालय आणि गावातला फॅब्रिकेशनवाला हे तिघे एकमेकांच्या दारात जात नाहीत. नैरोबीत ते काही प्रमाणात घडलंय आणि त्यासाठी कुणीतरी मुद्दाम वर्षानुवर्षं खपलंय.

तिच्या यंत्रातला आकडा शेतकऱ्याच्या फोनवर जायचा, पण तो फोन स्मार्ट असेलच असं नाही. इथे नैरोबीची खरी ताकद कळते. २०१० पासून चालणारी ‘आफ्रिकाज टॉकिंग’ ही इथलीच कंपनी प्रोग्रामरना एसएमएस आणि यूएसएसडीची सोय तयार स्वरूपात देते. यूएसएसडी म्हणजे तारांकन आणि आकडे दाबून उघडणारी यादी, जी साध्यातल्या साध्या फोनवर इंटरनेटशिवाय चालते. पूर्वी यासाठी प्रत्येक मोबाइल कंपनीच्या दारात जाऊन करार करावा लागे, नवख्याला तिथे कोण उभं करणार? आता चाचणीची सोय फुकट असते, घरी बसून प्रयोग करता येतात.

पैशांचं तसंच. सफारीकॉम या मोबाइल कंपनीने ६ मार्च २००७ ला फोनवरून पैसे पाठवायचं एम-पेसा सुरू केलं. ब्रिटिश सरकारच्या विकासनिधीची मदत होती, मूळ काम व्होडाफोनच्या निक ह्यूज आणि सूझी लोनी यांचं. आज टपरीवरच्या भाजीवालीपासून शाळेच्या फीपर्यंत सगळं त्यावर चालतं. पण नव्या उद्योगाला महत्त्वाचं वर्ष २०१७. त्या वर्षी ‘दराजा’ नावाची सोय आली आणि कुठल्याही प्रोग्रामरला आपलं सॉफ्टवेअर एम-पेसाला थेट जोडता येऊ लागलं. ग्राहकाच्या फोनवर विचारणा जाते, तो पिन टाकतो, पैसे जमा. रोज थोडे थोडे पैसे भरून सौरदिवा आपला करायचा, ही एम-कोपा या कंपनीची योजना एम-पेसावरच्या भरण्याशिवाय शक्यच नव्हती. दिवसाला ५० शिलिंगांच्या आसपास वसूल करायला माणूस पाठवला असता तर वसुलीचा खर्चच त्याहून मोठा झाला असता. आमच्या यूपीआयचा अभिमान मला आहेच. पण इथे नऊ वर्षं आधी साध्या फोनवर हे उभं राहिलं आणि त्यावर इतर धंदे उगवले, हे शिकण्यासारखं आहे. एकाच कंपनीच्या हातात इतकं सगळं असण्याचा धोका तिथले लोकही बोलून दाखवतात आणि तो खरा आहे.

विद्यापीठांमध्ये मी धावती भेट दिली. स्ट्रॅथमोरमध्ये आयलॅबआफ्रिका आहे, २०१२ मध्ये सुरू झालेलं हवामान-नवोपक्रम केंद्रही आधी तिथेच होतं. नैरोबी विद्यापीठात सी-फोर-डी लॅब. थिका रोडवर केनयाट्टा विद्यापीठात उद्योगपती मनू चंदारिया यांच्या देणगीतून उभं राहिलेलं उद्योगसंवर्धन केंद्र. मोरिंगा स्कूल महिन्यांच्या मोजमापात प्रोग्रामर घडवतं, त्याची फी मात्र गरिबाला जड आहे. अकिराचिक्स या संस्थेचं काम मला जास्त भावलं. २०१० पासून तिथल्या स्त्रियांनी हलाखीतल्या घरांमधल्या मुलींना प्रोग्रामिंग शिकवलंय. किबेरा या झोपडपट्टीत ‘तुनापांडा’ ही संस्था आहे, तिथल्या तरुणांनी वस्तीचं स्वतःचं वायरलेस जाळं विणलंय. किबेराचा उल्लेख आला की पाहुणे फक्त नाले आणि पत्रे पाहतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता पैशाकडे येतो, कारण सगळ्यांचं बोलणं फिरून तिथेच येत होतं.

नैरोबीत गुंतवणुकीचा पैसा कमी नाही. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि इजिप्त हे चार देश आफ्रिकेतल्या नवउद्योगांच्या गुंतवणुकीचा मोठा वाटा घेतात. पण हा पैसा बहुतांशी बाहेरून येतो आणि मोठ्या मापाने येतो. गुंतवणूकदाराला कंपनी अमेरिकेच्या डेलावेर राज्यात नोंदलेली हवी असते. त्याला इंग्रजीत सफाईने मांडणी करणारा, परदेशी विद्यापीठाचा शिक्का असलेला संस्थापक समजतो. परदेशातून येऊन इथे उद्योग काढणाऱ्यांना स्थानिक मुलांपेक्षा सहज पैसा मिळतो, ही तक्रार नैरोबीत वर्षानुवर्षं उघडपणे होते आहे. मला ती न्याय्य वाटते. माकुएनीच्या मुलीला मक्याची बुरशी जन्मापासून ठाऊक आहे. तिला स्लाइड बनवता येत नाही म्हणून ती मागे पडत असेल तर दोष निवडणाऱ्याच्या चाळणीचा आहे.

मग तिने सुरुवात कशी केली? आईच्या ‘चामा’ने. चामा म्हणजे आपली भिशी आणि बचत गट यांच्या मधली गोष्ट. दहा-वीस जणी दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकतात, पाळीपाळीने उचलतात, काही चामा जमीन घेतात, कर्जं देतात. आईने आपली पाळी लेकीला दिली, त्यात पहिले सेन्सर आले. पुढचे पैसे ती शनिवार-रविवारी लोकांची संकेतस्थळं बनवून मिळवते. स्पर्धांमधूनही थोडं मिळालं. स्पर्धांबद्दल तिचं मत कडक होतं. प्रत्येक अर्जाला आठवडा जातो, बक्षीस मिळालं तर टाळ्या मिळतात, आणि त्या आठवड्यात एकाही शेतकऱ्याकडे जाणं होत नाही. तिच्या ओळखीतले काहीजण स्पर्धांवरच जगतात, त्यांचं उत्पादन अजून कुणी विकत घेतलेलं नाही.

सरकारी योजना आहेत. ३० नोव्हेंबर २०२२ ला ‘हस्लर फंड’ सुरू झाला. फोनवरून ५०० ते ५०,००० शिलिंग, वर्षाला ८ टक्के व्याज. वैयक्तिक कर्ज १४ दिवसांत फेडायचं असतं. भाजी आणून विकणाऱ्याला हे चालतं. जिचा साचाच दोन महिन्यांनी तयार होणार आहे, तिने चौदा दिवसांत काय फेडायचं? सरकारी खरेदीतला ३० टक्के हिस्सा तरुण, स्त्रिया आणि अपंग यांच्या उद्योगांसाठी राखीव आहे, ही तरतूद उत्तम आहे. पण सरकारी बिलं थकतात ही केनियातली जुनी आणि जाहीर तक्रार आहे. लहान उद्योगाला तीन महिने पैसे मिळाले नाहीत तर तो मोडतो.

नोंदणीचं काम मात्र सोपं झालंय आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. ई-सिटिझन संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी होते, एकट्या माणसालाही मर्यादित कंपनी काढता येते. ज्याला संगणकावर जमत नाही त्याच्यासाठी २०१३ पासून हुडुमा सेंटर आहेत, एका छताखाली सगळ्या खात्यांच्या खिडक्या. लोकांची माहिती साठवणाऱ्या उद्योगाला २०१९ च्या माहिती संरक्षण कायद्याचं भान ठेवावं लागतं, आणि हे नव्या मुलांना फार उशिरा कळतं. भांडवल बाजार प्राधिकरणाने २०१९ मध्येच नव्या आर्थिक उत्पादनांना नियमांच्या देखरेखीखाली चाचणी घेऊ द्यायची सोय केली. नियम करणाऱ्याने आधी पाहावं, मग बंदी घालायची का ते ठरवावं, ही वृत्ती मला आवडली.

शहराबाहेर, मोंबासाच्या रस्त्यावर सुमारे ६० किलोमीटरवर कोन्झा आहे. ५,००० एकरांवर नियोजित तंत्रनगरी. जानेवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांनी तिचं भूमिपूजन केलं. रस्ते रुंद आहेत, डेटा सेंटर उभं आहे, वारा जोरदार आहे. पण पहिल्या नमुन्यावर धडपडणाऱ्याला तिथे काही मिळत नाही. त्याला ल्युथुली अव्हेन्यू चालत जाण्याच्या अंतरावर हवी.

आणि यश मिळाल्यावरही पाया टिकतोच असं नाही. मालवाहतुकीची ‘सेंडी’ ही नावाजलेली कंपनी २०२३ मध्ये बंद झाली. खेड्यांत माल पोचवणारी ‘कोपिया’ मे २०२४ मध्ये प्रशासकांच्या हाती गेली. दोघींकडे परदेशी गुंतवणूक भरपूर होती. या कंपन्यांमधून बाहेर पडलेली माणसं आता लहान उद्योगांना सल्ला देतायत, हिशेब कसा ठेवावा, गाड्यांचा खर्च कुठे फुगतो ते सांगतायत. त्या मुलीला किंमत ठरवायला अशाच एका माणसाने शिकवलं. तिने यंत्राची किंमत आपल्या खर्चावरून काढली होती. त्याने विचारलं, शेतकऱ्याची किती पोती वाचतात? तिथून हिशेब मांड.

या शहराशी आपलं नातं जुनं आहे. नैरोबी शहरच मुळात १८९९ मध्ये रेल्वेची छावणी म्हणून वसलं. त्या रेल्वेसाठी हिंदुस्थानातून तीसेक हजार मजूर नेले होते, त्यांतले सुमारे अडीच हजार मेले. काही मागे राहिले, पाठोपाठ दुकानदार आले. जुलै २०१७ मध्ये केनियाने आशियाई वंशाच्या नागरिकांना देशातली ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. चेन्नईच्या व्हिलग्रोच्या अनुभवातून नैरोबीत निघालेली व्हिलग्रो आफ्रिका आज आरोग्य क्षेत्रातल्या नवउद्योगांना हात देते. इथल्या कारखान्यांत, गोदामांत, बँकांत भारतीय वंशाची मंडळी आहेत आणि नोकरीनिमित्त गेलेले मराठी अभियंते आणि हिशेबनीसही आहेत.

मी निघालो तेव्हा त्या मुलीकडे चालणारी यंत्रं होती, शेतकऱ्यांची मागणी होती आणि चाचणीसाठी एक मोठं गोदाम हवं होतं. एका गोदामवाल्याने तिला फाटकातूनच परत पाठवलं होतं. गुंतवणूकदार तिला विचारतात, मोठ्या गोदामात वापरून पाहिलंस का? गोदामवाला विचारतो, तुला गुंतवणूक मिळाली का?

नैरोबीत असलेल्या मराठी वाचकांना म्हणून माझी विनंती आहे. तुमच्या कंपनीचं गोदाम असेल तर त्यातली दहा पोती अशा एखाद्या यंत्राला द्या. हिशेब येत असेल तर एक शनिवार गिअरबॉक्समध्ये किंवा एखाद्या हबमध्ये जाऊन कुणाच्या तरी वहीत डोकं घाला. आणि यंत्र चाललं, तर दोन ओळींचं पत्र कंपनीच्या कागदावर, शिक्क्यासह द्या.